दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची

मला नोटीस लिहायला आवडते, हे आधीच सांगून टाकते. वाशीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे मुलं, पालक, मास्तर आणि शिपाई या सगळ्यांना एकच भाषा कळायची, खाली सही आणि शिक्का असलेल्या कागदाची. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून गेली बारा वर्षं मीच आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नसतं. 'गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनी आपापले चिमटे वापरावेत' ही माझी नोटीस अजून गच्चीच्या दारावर आहे, आणि लोक अजून माझेच चिमटे वापरतात.

अशीच एक नोटीस अकरा वर्षांनी माझ्यावरच उलटली.

आमची इमारत जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. घर घेतलं तेव्हा मधुकरराव, म्हणजे माझे यजमान, दोन्ही हातांत सामान घेऊन एका दमात वर यायचे आणि मला म्हणायचे, "लिफ्ट हवी कशाला? आळशी लोकांचं काम ते." रबाळ्याच्या एका कारखान्यात ते फिटर म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे फोरमन म्हणून रिटायर झाले. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. शेजारच्यांचा मिक्सर, खालच्या वाण्याचं शटर, देवळातली घंटा, काही म्हणून सोडलं नाही.

ऑगस्टमध्ये त्यांचं बायपास झालं. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "घरात बसून राहिलात तर सगळं फुकट. रोज खाली उतरायचं, चालायचं. वर चढताना मध्ये पाच मिनिटं बसायचं."

ऑक्टोबरमध्ये ते माझ्याबरोबर उतरले, चालले, आणि परत येताना दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली. बसायला काही नव्हतं म्हणून पायरीवरच टेकले. वरून शाळेची पोरं उड्या मारत आली आणि यांना बघून भिंतीला चिकटून, पाय न वाजवता, एकेक करून बाजूने गेली. समोरच्या दारात जयमालाबाई उभ्या होत्या. त्यांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि दार लावून घेतलं. अगदी शांतपणे.

त्या दिवसानंतर मधुकरराव खाली उतरले नाहीत. तपासणीच्या दोन तारखा गेल्या. दिवसभर खिडकीजवळ बसायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. मी जेवायला वाढलं की जेवायचे आणि मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत. भांडखोर नवरा परवडतो, पण मीठ न मागणारा नवरा बघवत नाही. मला भीती वाटायला लागली होती. माणूस ऑपरेशनमधून वाचला आणि आता खिडकीत बसून हळूहळू चाललाय, असं वाटायचं.

मी म्हटलं, "अहो, घडीचं स्टूल घेऊन मी मागून येते."

"पुढे मी, मागे बायको स्टूल घेऊन. वरातच काढ ना," ते म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत पुटपुटले, "मध्ये कुठे टेकायला असतं तर गेलो असतो."

झालं. मला तेवढंच ऐकायचं होतं. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात, एक खुर्ची. वाट अडणार नाही, कोणाला त्रास नाही. एवढं साधं काम, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण त्याच कोपऱ्यात अकरा वर्षांपूर्वी जयमालाबाईंचं चपलांचं लाकडी स्टँड होतं, आणि ते मी काढायला लावलं होतं. 'जिन्यात व मजल्यांवरील मोकळ्या जागेत कोणतीही वस्तू ठेवू नये' अशी नोटीस लावली, सर्वसाधारण सभेत ठराव करून घेतला, आणि आठ दिवसांत स्टँड हललं नाही तेव्हा नाव घालून दुसरी नोटीस थेट त्यांच्या दाराला चिकटवली. त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. समोर आल्या की 'सेक्रेटरीबाई' म्हणून मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. आता त्यांच्याच दारासमोर माझी खुर्ची ठेवायची होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण इथे गाढवपणा हरीनेच केलेला होता.

ही अडचण मी ईश्वरीला सांगितली. ईश्वरी माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, साताऱ्याहून शिकायला आमच्याकडे आलेली. मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे घरात कोणी शिंकलं तरी तिला त्यामागे कारण दिसतं.

"मावशी, तुझा प्रॉब्लेम काय आहे सांगू? तू सगळ्यांशी नोटीस वाचल्यासारखी बोलतेस."

"म्हणजे कसं?"

"हे असं. 'म्हणजे कसं.' समोरच्याला वाटतं आता फाइन बसणार."

मग तिने मला चार युक्त्या शिकवल्या. बोलताना माणसाचं नाव घ्यायचं आणि हसायचं. समोरच्याचे शेवटचे शब्द परत म्हणायचे, म्हणजे त्याला वाटतं आपलं ऐकलं जातंय. आपलं बोलून झालं की गप्प राहायचं, समोरचा आपोआप मोकळा होतो. आणि चौथी, तिच्या मते सगळ्यात भारी: ज्याच्याशी जमत नाही त्याच्याकडे काहीतरी छोटंसं मागायचं. "आपण ज्याला मदत करतो ना मावशी, तो आपल्याला आवडायला लागतो. उलटं वाटतं, पण असंच असतं. ट्राय तर कर."

मला आधी ते काही पटलं नाही. कोणाकडे काही मागायचं म्हणजे आपली मान खाली, असं आमच्या घरात शिकवलेलं. पण शाळेत असताना मी नवीन जीआर आला की आधी तो लहानसहान प्रकरणांवर चालवून बघायचे. तसंच केलं. सकाळी वॉचमनकडे बघून हसले आणि म्हटलं, "सिताराम, गुड मॉर्निंग." तो खुर्चीतून उठून उभा राहिला. "मॅडम, तब्येत ठीक हाय ना? साहेबांना काय झालं का?"

भाजीवाला म्हणाला, "ताई, मेथी एकदम ताजी हाय."

मी म्हटलं, "एकदम ताजी?"

"मग काय खोटं बोलतो काय मी? पंधरा वर्सं धंदा करतो इथं!"

गॅसवाल्याला फोन लावला, सिलेंडरचं सांगितलं आणि गप्प राहिले. तो तीनदा हॅलो हॅलो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. सिलेंडर दोन दिवस उशिरा आला.

"तू हसताना दात ओठ खाल्ल्यासारखी दिसतेस," ईश्वरी म्हणाली. "राहू दे. तू डायरेक्ट चौथी युक्ती कर. जयमालाकाकूंकडे काहीतरी माग. एकदम छोटं, ज्याला नाही म्हणताच येणार नाही असं."

ज्याला नाही म्हणताच येणार नाही असं म्हणजे विरजण. चमचाभर दही. विरजण मागितलं तर वैरीसुद्धा देतो. मी ठरवलं आणि ठरवलं की मला धीर धरवत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी दूध कोमट केलं, रिकामी वाटी घेतली आणि दोन मजले उतरून बेल वाजवली.

जयमालाबाईंनी दार उघडलं. आत देवापाशी निरांजन नुकतंच लावलेलं, उदबत्तीचा वास येत होता. मी शिकवल्याप्रमाणे हसले. "जयमालाताई, जरा विरजण मिळेल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं.

"आत्ता नाही," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.

चौथ्या मजल्यापर्यंत माझे पाय वाजत होते ते सगळ्या बिल्डिंगने ऐकले असतील. "चमचाभर दही!" मी ईश्वरीवर ओरडले. "चमचाभर दही नाही म्हणाली! तुझं मानसशास्त्र घाल चुलीत!"

मधुकरराव खिडकीतून म्हणाले, "किती वाजलेत?"

"सात वाजलेत, काय संबंध?"

"तिन्हीसांजेला विरजण मागायला गेलीस?"

मी मटकन खाली बसले. दिवेलागणीला दूध, दही, मीठ, विरजण घराबाहेर देत नाहीत. लक्ष्मी जाते म्हणतात. माझी आई तर त्या वेळी शेजारणीने ताक मागितलं तरी 'सकाळी ये गं' म्हणायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, युक्तीच्या नादात सुचलंच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अकरा वर्षांनी बोलायला गेले आणि तेही बाईला तिच्या देवासमोर धर्मसंकटात टाकायला. दूध तसंच फ्रीजमध्ये ठेवलं.

सकाळी साडेसहाला बेल वाजली. जयमालाबाई दारात होत्या, दम लागलेला, हातात स्टीलची वाटी, वर ताटली झाकलेली.

"रात्री दूध फुकट गेलं असंल ना," त्या म्हणाल्या. "हे घ्या. आंबट नाही." आणि मी काही बोलायच्या आत वळून निघाल्या.

आता त्यांची वाटी माझ्याकडे होती. आणि वाटी रिकामी परत देत नाहीत, एवढं मी कुठल्याही नादात विसरणार नव्हते. दुपारी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली, आमच्या साताऱ्याकडची, लसूण सढळ घातलेली, वाटी शिगोशीग भरली आणि खाली गेले. या वेळी घड्याळ बघून. चार वाजले होते.

जयमालाबाईंनी आत घेतलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्या घरात बसत होते. एकट्याच राहतात, मुलगा पुण्याला. भिंतीवर सासूबाईंचा हार घातलेला फोटो. त्यांनी चहा टाकला आणि मी युक्त्या सुरू केल्या.

"गुडघे दुखतात हल्ली," त्या म्हणाल्या.

"गुडघे दुखतात?"

"हो. थंडीत जास्त."

"थंडीत जास्त?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सेक्रेटरीबाई, तुमी माझेच शब्द परत का बोलताय? कानाचा काही त्रास झालाय का?"

माझे कान गरम झाले. मी ईश्वरीचं नाव सांगून मोकळी झाले. त्यावर बाई हसल्या, अगदी पोट धरून. "अहो, मी हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर तीस वर्सं होते. आमाला पण साहेबांनी हेच ट्रेनिंग दिलेलं. पेशंटचं नाव घ्या, हसा, त्याचे शब्द परत बोला. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी एक बाई म्हणाली, मॅडम, हसताय काय, माझा माणूस आत आहे. त्या दिवसापास्नं बंद." त्यांनी डोळे पुसले. "बोला. काम काय आहे?"

मी सांगितलं. खुर्चीचं, दुसऱ्या मजल्याचं. सांगून झालं. त्या काहीच बोलल्या नाहीत. चहा पीत माझ्याकडे बघत राहिल्या. ही तिसरी युक्ती होती, गप्प राहण्याची. मला ती माहीत होती, तरी ती माझ्यावर चालली. ती शांतता मला सोसेना आणि मी बोलत सुटले. ते मीठ मागत नाहीत, बंद टीव्ही बघतात, तपासण्या चुकल्या, रात्री मी त्यांचा श्वास ऐकत जागी असते. नोटीस माझीच होती हे मला कळतं. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचं चुकणार नाही. आणि मग, तोंडावर आलंच म्हणून, "पण त्या दिवशी ते पायरीवर बसले होते जयमालाताई, आणि तुम्ही दार लावून घेतलंत. ते मला फार लागलं."

"मग काय करायचं होतं? उघड्या दारात उभं राहून बघायचं होतं?" त्या म्हणाल्या. "खिडकीवर काय काय बघितलंय मी. बाईमाणसाला धाप लागली तर ती पाणी मागते. पुरुषमाणसाला लागली तर तो आधी आजूबाजूला बघतो, कोण बघतंय का. भाऊंनी पण तसंच बघितलं. मी होते समोर. म्हणून दार लावलं."

मी गप्प झाले. कोणतीही युक्ती म्हणून नव्हे.

"आणि ते चपलांचं स्टँड नव्हतं," त्यांनी फोटोकडे बघितलं. "चपला खालच्या फळीवर असायच्या. वर सासूबाई टेकायच्या. देवळातून आल्या की आधी तिथं बसायच्या, चप्पल काढायच्या, मग आत. ते काढल्यावर त्या म्हणाल्या, नको गं, उभ्याने नाही जमत. मग देऊळ बंद झालं त्यांचं."

मला ती म्हातारी आठवली. पांढरं नऊवारी, हातात फुलांची परडी. जिन्यात बसलेली मी तिला किती वेळा बघितली होती, आणि माझ्या डोळ्यांना फक्त चपला दिसल्या होत्या.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"तुमी विचारलं का नाहीत? दाराला माझं नाव लिहून कागद लावलात. मला पण राग होता. मी पण ताठ्यात राहिले, त्यात त्यांचं देऊळ गेलं. एकट्या तुमचंच नाही ते."

"माझं चुकलं," मी म्हटलं. हे दोन शब्द मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कधी कागदावर लिहिले नव्हते.

त्यांनी चटणीची वाटी नाकाशी नेली. "लसूण भारी आहे." मग म्हणाल्या, "खुर्ची ठेवा. माझी हरकत नाही. पण सांगून ठेवते, भाऊ तिच्यावर बसणार नाहीत."

"का नाही बसणार? त्यांनीच तर म्हटलंय."

"बघा तुमी."

मी सर्वसाधारण सभेत जुना ठराव बदलून घेतला. नवी नोटीस माझ्या हाताने लिहिली: 'दुसऱ्या मजल्यावर वाटेत न येईल अशी एक खुर्ची ठेवण्यात आली आहे. ज्यांना दम लागेल त्यांनी बसावे.' हत्ती बसला तरी मोडणार नाही अशी एक भक्कम लाकडी खुर्ची खालून वर आणली आणि कोपऱ्यात ठेवली. मग मी विजयी मुद्रेने मधुकररावांसमोर उभी राहिले.

"झाली सोय. चला."

त्यांनी खिडकीबाहेर तोंड वळवलं. मग म्हणाले, "ती आजाऱ्याची खुर्ची आहे. सगळ्या बिल्डिंगला माहितीये कोणासाठी ठेवलीय. नोटीसच लावलीयस तू."

दोन आठवडे त्या खुर्चीवर एक मांजर बसलं. येणारेजाणारे मला विचारायचे, काका कसे आहेत, आणि मला त्यांना उत्तर द्यायचा राग यायचा. मी चिडले, रडले, एक दिवस बोलले नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी जयमालाबाई वर आल्या. चौथ्या मजल्यापर्यंत येऊन त्यांचाच जीव वर आलेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ खिडकीजवळ गेल्या.

"भाऊ, एक काम होतं. माझ्या सेफ्टी डोअरची खालची कडी निखळलीय. रात्री दार नीट लागत नाही, एकटी असते, जरा भीती वाटते."

"मला आता जड काम मना आहे," मधुकरराव म्हणाले.

"हो ना. राहू दे मग. बाहेरून कोणाला तरी बोलावते. मागच्या वेळी जो आलेला, त्याने लाकडाला नुसती भोकं पाडून ठेवली."

"भोकं पाडली?" ते खिडकीकडून वळले. "कडी कसली आहे? आडवी की उभी?"

"ते मला काय कळतंय भाऊ. घाई नाही. तुमाला वेळ असंल तेव्हा नुसतं बघून सांगा."

आणि त्या गेल्या.

मी तोंड उघडलं. 'अहो, तुम्हाला झेपणार नाही' हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ईश्वरीने माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

मधुकरराव उठले. पलंगाखाली वाकून बघितलं. "माझी हत्यारांची पेटी कुठाय?"

पेटी माळ्यावर होती. ऑगस्टमध्ये मीच टाकली होती, त्यांनी उगीच काही उचलू नये म्हणून. ईश्वरी स्टुलावर चढून ती काढत होती आणि मी खाली उभी राहून आठवत होते, मी आणखी काय काय उचलून ठेवलं होतं. दूध आणायचं मी घेतलं. बल्ब बदलायला सितारामला बोलावलं. गॅसचा रेग्युलेटर मी शिकून घेतला. मिक्सर बिघडला तो त्यांना न सांगता दुकानात दिला. सहा महिने मी त्या माणसाला 'बसा', 'राहू दे', 'मी करते' एवढंच सांगत होते. 'मधुकररावांनी कशालाही हात लावू नये', ही नोटीस मी कुठे लावली नव्हती, पण घराच्या प्रत्येक भिंतीवर ती होती. आणि ते बिचारे नियमाने वागत होते. मीठसुद्धा मागत नव्हते.

त्यांनी पेटीतून एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि कानस काढली. बाकीची पेटी ठेवून दिली. शर्ट बदलला. मी दारापर्यंत गेले, पुढे गेले नाही. फार कठीण गेलं ते. त्यांची पावलं ऐकत राहिले. तिसरा मजला. थांबले. पुन्हा पावलं. दुसरा मजला. मग लाकूड ओढल्याचा आवाज. ती खुर्ची होती. खालच्या कडीचं काम उभ्याने होत नाही, त्यांनी ती दारासमोर ओढून घेतली आणि बसले.

थोड्या वेळाने कानशीचा आवाज यायला लागला. खर्र, खर्र. लग्न झाल्यापासून त्या आवाजाने माझं डोकं दुखत आलंय. मी दाराला टेकून उभी होते आणि पदर तोंडाशी धरून रडत होते, आणि ईश्वरी, जिला सगळ्याचं कारण माहीत असतं, तिने मला काही विचारलं नाही.

तासाभराने ते वर आले. कपाळाला घाम, पण चेहरा कामावरून आल्यासारखा. हात धुता धुता बडबड सुरू. "त्या माणसाने चुकीच्या मापाची भोकं पाडलीत. कडी मी सरळ केली, पण दोन स्क्रूच नाहीत. बाई म्हणतात, कुठे पडले कळत नाही. साधे मिळत नाहीत ते, पितळी डोक्याचे आहेत. खालच्या हार्डवेअरवाल्याकडे बघावं लागेल. तोपर्यंत दार नुसतं दोरीने बांधून आलोय. बाई एकटी, बरं दिसत नाही ते." मग ताटावर बसले आणि पहिल्या घासाला म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे."

मी मीठ वाढलं. इतक्या आनंदाने आयुष्यात कधी वाढलं नव्हतं.

संध्याकाळी ईश्वरी कॉलेजातून आली तेव्हा तिच्या हातात माझी चटणीची वाटी होती. वाटी जयमालाबाईंचीच, पण एवढ्या वेळा वरखाली झाली होती की आता कोणाची म्हणायची ते कळत नव्हतं. "जयमालाकाकू म्हणाल्या, मावशीच्याच हातात दे."

मी स्वयंपाकघरात जाऊन झाकण काढलं. वर चार खोबऱ्याच्या वड्या. खाली कागदाची पुडी. पुडीत दोन स्क्रू, पितळी डोक्याचे, चकचकीत, एकाचाही आटा गेलेला नाही. कडी आपोआप निखळलेली नव्हतीच.

बाहेर मधुकरराव चप्पल शोधत होते. "अगं, दुकान आठपर्यंत उघडं असतं ना? जाऊन येतो. येताना बसेन मध्ये जरा."

मी दोन्ही स्क्रू मसाल्याच्या डब्यात, मोहरीखाली दडवले. बाहेर आले. ते दारात उभे होते, एक हात कठड्यावर, आणि माझ्याकडे बघत होते, मी 'राहू दे' म्हणते की काय म्हणून.

"अहो," मी म्हटलं, "येताना कोथिंबीर आणा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग पिशवीसाठी हात पुढे केला.

"एक जुडी की दोन?"